पाऊण भागिले अर्धा

६ ऑगस्ट

प्रशिक्षणाचा आराखडा माझ्या गळ्यात. वर्षभरात शिक्षकांना काय शिकवायचं, ते शाळेची गरज बघून ठरवायचं. गरज मोजायची कशी हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून मोजणारी बाई नेमली. आधी मी बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. मुख्याध्यापिकांनी — त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंची बेताचीच — विचारलं, "तिथे नेमकं काय करायचात?"

"नमुने तपासायचे."

"मग इथे काम कमी पडणार नाही."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. जमेल असं वाटतं.

मागच्या वर्षी प्रशिक्षण म्हणून एक वक्ते आणले होते. विषय 'आनंदी मन'. दुपारभर बोलले. भूगोलाच्या सरांना नकाशे सर म्हणतात. ते म्हणाले, "जखम मांडीला, मलम शेंडीला. पण चहा चांगला होता."

८ ऑगस्ट

वहिनी याच शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते. कंत्राटावर. दर वर्षी नवा करार, दर वर्षी नव्याने धाकधूक. या वर्षअखेरीस तिला कायम करायचं की नाही ते संस्था ठरवणार आहे. घरात त्यावर कुणी बोलत नाही. फक्त आई रोज भाजी निवडता निवडता विचारते, "काही कळलं का गं?" आणि वहिनी म्हणते, "आई, वर्ष आत्ता कुठे सुरू झालंय."

इथली जागा मला वहिनीनेच सुचवली. कारखाना सोडल्यावर मी घरात बसून होते, तेव्हा. अट एकच घातली — "शाळेत मी तुझी कुणी नाही. घरी तू माझी मॅडम नाहीस."

मला अशा अटी आवडतात. दोन्हीकडे कप्पे स्वच्छ राहतात.

ती मला मोजपट्टी म्हणते. दादाला सांगते, "तुमच्या बहिणीला पोळी दिली तर आधी व्यास बघते." यात अतिशयोक्ती आहे. पण फार नाही.

१४ ऑगस्ट

मुलाखती सुरू. जागा — रसायनशाळेमागची सामानाची खोली. टेबल, दोन खुर्च्या, मागे बाटल्यांची रांग. एकेक शिक्षक येतो. मी विचारते, "तुमची प्रशिक्षणाची गरज काय आहे?"

प्रोजेक्टर. प्रोजेक्टर. प्रोजेक्टर आणि पडदा. खेळाचे सर म्हणाले, "मैदानावर पाण्याचा नळ." इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "मला तसं सगळंच येतं, पण इतरांना गरज आहे." इतरांमध्ये कोण, ते सांगायलाही त्या तयार होत्या.

दिवसभरात एकानेही स्वतःबद्दल एक वाक्य सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट

चूक माझीच आहे. कारखान्यात मी यंत्राला विचारत नव्हते की तुला काय होतंय.

प्रश्न बदलला. आता विचारते, "असा कुठला धडा आहे, जो उद्या शिकवायचा म्हटलं की आज नको वाटतं?"

मग माणूस मागच्या बाटल्यांकडे बघतो. मग बोलतो.

नकाशे सर म्हणाले, "वारे. वारे कसे वाहतात ते मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर बाण काढून सांगतोय. बाण उलटा काढला तरी पोरं वहीत तसाच उतरवून घेतात. मला स्वतःला..." थांबले. "हे लिहिणार आहात का?"

"लिहीन. नाव नाही लिहिणार."

"नक्की?"

"नक्की."

सगळ्यांना हेच सांगितलं. सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला.

२१ ऑगस्ट

तासांना मागे बसून निरीक्षणही करते आहे. आज वहिनीचा वर्ग. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे नोंद करण्यापुरतं बघितलं.

इतर वर्गांत प्रश्न शिक्षक विचारतात. तिच्या वर्गात मुलं विचारतात. एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही चुकलात." ती म्हणाली, "कुठे? ये, दाखव." त्याने फळ्यावर येऊन दाखवलं. तिने खडू त्याच्या हातात ठेवला आणि स्वतः हसत त्याच्या बाकावर जाऊन बसली.

तिच्या घरातल्या हसण्यापेक्षा हे हसणं वेगळं होतं. मला ठाऊक नव्हतं.

घरी काही बोलले नाही. अट आहे.

२६ ऑगस्ट

आज वहिनीची मुलाखत. दार वाजवून आली. "येऊ का मॅडम?"

"या."

नेहमीचा प्रश्न विचारला. ती बाटल्यांकडे बघत बसली नाही. लगेच म्हणाली, "अपूर्णांकांचा भागाकार."

"येत नाही?"

"करता येतो. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. मला माझ्या बाईंनी तसंच सांगितलं, मी मुलांना तसंच सांगते. का उलटा करायचा, ते मला माहीत नाही. कधीच नव्हतं."

मग तिने सांगितलं. मागच्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, पहिल्या बाकावरची. तिने विचारलं, "बाई, पाऊण भागिले अर्धा, उत्तर दीड. भागल्यावर लहान व्हायला हवं ना? मोठं कसं झालं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नियम आहे म्हटलं. ती बसली. त्यानंतर वर्षभर तिने मला काही विचारलं नाही. बाकीच्या विषयांत विचारायची. मला नाही."

मी लिहीत होते. ती थांबली आणि एकदम घरच्या आवाजात म्हणाली, "तुला येत असेल ना गं हे? का ते?"

"येतं."

"मग सांग की. पाच मिनिटं लागतील."

"आत्ता नाही. ही मुलाखत आहे. मी मध्ये शिकवलं तर तुमची नोंद बदलते, आणि बाकीच्यांना शिकवलेलं नाही."

ती खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "बरं मॅडम. माझी नोंद नका बदलू." आणि हसून गेली.

सगळ्या मुलाखतींमध्ये ही सर्वांत नेमकी नोंद आहे. इतकी नेमकी गरज आजवर कुणी सांगितली नव्हती. खूश होते. हे लिहून ठेवते.

३० ऑगस्ट

आई म्हणाली, "तुम्ही दोघी एका शाळेत, एका घरात, आणि एकमेकींशी बोलता किती? मुके बरे." वहिनी म्हणाली, "आई, आमचं शाळेत बोलणं झालं. भरपूर." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

तिला ते कारण रात्रीच्या भांड्यांच्या वेळी सांगता आलं असतं. मनात आलं होतं. दूध मापण्याचं भांडं ओट्यावरच होतं. पण नोंदी अजून बंद झालेल्या नव्हत्या.

१२ सप्टेंबर

अहवाल लिहिते आहे. गरजा तीन प्रकारच्या निघाल्या. पहिली, विषयाच्या आतल्या — वारे, अपूर्णांक, विजेचं मंडल, कविता कशी वाचायची. दुसरी, वर्ग हाताळण्याच्या. तिसरी, सामानाच्या, म्हणजे प्रोजेक्टर. आजवर सगळा वेळ तिसरीवर आणि आनंदी मनावर गेला. पहिलीकडे कुणी पाहिलंच नाही, कारण कुणी सांगितलंच नाही.

हा आराखडा चांगला होणार आहे. दर महिन्याला एक दुपार, एकच विषय, आणि त्यात अडणारे शिक्षक एकत्र. भाषण नाही. मोठ्या बाईंना कच्चा दाखवला. चष्मा वर करून दोनदा वाचला. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. तुम्हाला कसं सांगितलं?"

"विचारलं."

"आम्हीही विचारायचो."



१७ सप्टेंबर

मोठ्या बाई म्हणतात, संस्थेच्या समितीला तक्ता हवा. इयत्ता, विषय, आणि कायम-कंत्राटी वेगळे. "अध्यक्षांना वेगळं दाखवलेलं आवडतं."

वेगळं केलं की चौकटी लहान होतात. काही चौकटींत दोन माणसं, काहींत एक. आमच्या कामात साधा नियम आहे: ज्या चौकटीत मोजकीच माणसं, ती तशी दाखवायची नाही. शेजारच्या चौकटीत मिसळायची. नाहीतर नाव न लिहिताही नाव लिहिल्यासारखं होतं.

भूगोल आणि इतिहास मिसळले. विज्ञान आणि शारीरिक शिक्षण मिसळले, जरा विचित्र दिसतं, असू दे.

पाचवी-सहावी, गणित, कंत्राटी. तिथे एकच माणूस आहे.

१८ सप्टेंबर

मिसळून पाहिलं. 'गणित व भाषा, सर्व इयत्ता' असं केलं की अपूर्णांकांची नोंद दिसेनाशी होते. तिचं 'विषयज्ञानातील काही अडचणी' असं होतं. तसं लिहिलं तर समिती त्यावर एक दुपारही देणार नाही.

शिवाय, ती एक चौकट मी झाकली आणि उद्या कुणाच्या लक्षात आलं, तर म्हणतील घरच्या माणसाला सांभाळलं. ते मला चालणार नाही.

ठेवली. नाव तर कुठेच नाही.

९ ऑक्टोबर

समितीची बैठक.

अध्यक्षांचा लाकडाचा व्यवसाय आहे. तक्ता असा वाचतात जसा फळीवरचा गाठीचा डाग बघतात, बोट ठेवून. बोट खाली येत गेलं आणि थांबलं.

"पाचवी-सहावी, गणित, कंत्राटी. अपूर्णांकांच्या भागाकाराचं कारण माहीत नाही. ही कोण?"

मी म्हटलं, "नावं दिलेली नाहीत."

"नाव कशाला हवं? एकच तर आहे." मोठ्या बाईंकडे वळून, "तीच ना, जिला कायम करायचं चाललंय?"

मोठ्या बाई खिडकीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "त्यांना भागाकार येतो. त्यामागचं कारण माहीत नाही असं त्या स्वतः सांगतात. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना ते कारण माहीत आहे?"

"आम्ही गणित शिकवत नाही," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी सरळ. "सुताराने सांगितलं की मला करवत चालवता येते पण का कापते ते ठाऊक नाही, तर मी त्याला ठेवेन. पण शिकवायला नाही ठेवणार."

हे चुकीचं आहे हे मला तिथेच कळलं होतं. पण कसं चुकीचं, ते दोन वाक्यांत मांडता आलं नाही. आराखडा मंजूर झाला. एकमताने. सगळ्यांनी कौतुक केलं.

१० ऑक्टोबर

मला माहीत होतं. 'लक्षात आलं नाही' असं मी कुणालाही सांगू शकत नाही. सतरा सप्टेंबरला मी इथेच लिहिलं आहे.

१५ ऑक्टोबर

वहिनीकडून पाचवी-सहावीचं गणित काढून घेतलं. तिला ग्रंथालय आणि हस्तकला. गणित तात्पुरतं सातवीच्या सरांकडे. हे सर मुलाखतीत म्हणाले होते, "मला कशाचीच गरज नाही." त्यांच्या चौकटीत काही नोंद नव्हती. कोरी आणि स्वच्छ.

१६ ऑक्टोबर

मला वाटलं होतं ती ओरडेल. संध्याकाळी आली, चप्पल नेहमीच्या जागी काढली, पाणी प्याली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हटलं, "वहिनी, मला बोलायचं आहे."

"बोला ना मॅडम."

घरात. पहिल्यांदाच.

२० ऑक्टोबर

आईला आता कळलं. तिने मला बोलावून बसवलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने उघडली ती उघडली, तू कशाला जगाला दाखवत सुटलीस?"

"नाव नव्हतं लिहिलं."

"अगं, आपल्या गल्लीत पिवळ्या दाराचं घर म्हटलं तर पोस्टमन कुठे जाईल? दार एकच आहे."

दादा बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला. ती कालच पुसली होती.

२ नोव्हेंबर

ग्रंथालयासमोरून गेले. ती पुस्तकांना वेष्टणं घालत होती. कोपरे अगदी काटकोनात. समोर दोन मुली उभ्या — पाचवीतल्या, गणिताच्या वह्या घेऊन. एक म्हणाली, "बाई, सरांनी सांगितलेलं कळलं नाही."

वहिनी म्हणाली, "त्यांनाच विचारा हं. मला आता ते विचारायचं नाही."

त्या गेल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

१९ नोव्हेंबर

अध्यक्षांना भेटून आले. दुकानात, लाकडाच्या थप्प्यांमध्ये. बसायला खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, "ज्यांनी गरज सांगितली त्यांना शिक्षा झाली, तर पुढच्या वर्षी कुणी सांगणार नाही. माझा सगळा आराखडा त्या सांगण्यावर उभा आहे. आणि त्यांची गरज फार लहान होती. पाच मिनिटांत भागण्यासारखी."

"पाच मिनिटांत?"

"हो."

"तुम्हाला येत होतं?"

"हो."

"एका घरात राहता ना तुम्ही दोघी?"

"हो."

"मग का नाही सांगितलंत?"

चहा गरम होता. प्यायले.

२० नोव्हेंबर

का नाही सांगितलं. नोंद बदलू नये म्हणून. नोंद कशासाठी होती? तिला कळावं म्हणून.

४ डिसेंबर

आज धीर केला. वहिनी दूध तापवायला ठेवत होती. मी अर्ध्या लिटरचं भांडं घेतलं आणि म्हटलं, "हे बघ. पाऊण लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरची भांडी भरायची. एक पूर्ण भरेल, आणि दुसरं —"

"मॅडम, दूध उतू जाईल."

"वहिनी, दोन मिनिटं."

तिने गॅस बारीक केला. भांडं माझ्या हातातून घेतलं, धुतलं, पालथं ठेवलं. "आता नको. आता मला गरज नाही. मी पुस्तकांना वेष्टणं घालते."

मग पाठमोरीच म्हणाली, "दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर मी म्हटलं असतं चुकून झालं. माणूस आहे, चुकतं. पण तू चुकत नाहीस. पोळीचासुद्धा व्यास बघतेस. मग मी काय समजायचं?"

'तू' म्हणाली. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

काय समजायचं, याचं उत्तर माझ्याकडे होतं. मला नोंद आवडली होती. तिच्यापेक्षा. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. इथे लिहिते.

५ डिसेंबर

पुन्हा 'मॅडम'.

१८ जानेवारी

आराखड्यातली पहिली दुपार. विषय — अपूर्णांक. बाहेरून कुणी मिळालं नाही, मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच घ्या. तुमचंच तर आहे."

घेतलं. पाण्याची भांडी नेली. पाऊण ओतून दाखवलं, अर्धा-अर्धा करून भरलं. एकात दोन अर्धे मावतात, म्हणून पाऊणाची दुप्पट, म्हणून उलटा करून गुणायचं. कागदाच्या पट्ट्या कापल्या. पुन्हा भांडी. मला वाटतं, बरं समजावलं.

"कुणाला काही विचारायचंय?"

सगळे सरळ बसलेले. सातवीचे सर घड्याळाकडे. इंग्रजीच्या बाईंनी मान डोलावली — अगदी कळलं म्हणून. नकाशे सर उठले आणि म्हणाले, "छान झालं मॅडम. आम्हाला हे येतच होतं, पण उजळणी झाली."

वाऱ्यांची दुपार फेब्रुवारीत ठरली आहे. आजचं संपल्यावर ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ती रद्द करा. मी चुकून बोललो होतो. वारे मला व्यवस्थित येतात."

"सर, बाण —"

"बाण बरोबर आहेत," ते म्हणाले. आजूबाजूला बघून.

ग्रंथालयाच्या बाईंना या दुपारी बोलावलेलं नव्हतं. गणित त्यांच्याकडे नाही.

२२ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना राजीनाम्याबद्दल विचारलं. माझ्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर त्या जागेवर पुन्हा आनंदी मन येईल. बसा."

मग चष्मा पुसत, "मीही त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं."

२९ मार्च

वहिनीचा करार पुढे वाढवला नाही. कायम करण्याचा प्रश्नच आला नाही. पत्र दोन ओळींचं, आभाराची एक.

दादाने रात्री जेवताना विचारलं, "आता?"

"आता काय. दुसरीकडे बघायचं," वहिनी म्हणाली. "शाळा काय एकच आहे?"

आई म्हणाली, "तुझ्यासारखी शिकवणारी मिळायला नशीब लागतं त्यांना." आणि माझ्या ताटात न विचारता भात वाढला. ती मला बोलत नाही तेव्हा वाढते.

२ एप्रिल

तिच्या खुर्चीवरची उशी, तिचा कप, तिची कात्री ग्रंथालयातून घरी आणली. पिशवी मी उचलली. तिने उचलू दिली. वाटेत एक मुलगा धावत आला. खडूवाला, जो बाईंची चूक दाखवायला फळ्यापाशी गेला होता. म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी गणित तुमच्याकडे ना?"

"नाही रे."

"का?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "मला एक गोष्ट येत नव्हती म्हणून."

मुलगा गोंधळला. म्हणाला, "पण आम्हालाही येत नाहीत की."

पिशवी जड नव्हती.

२१ एप्रिल

पुढच्या वर्षाच्या गरजांच्या मुलाखती. तीच खोली, त्याच बाटल्या. प्रश्नही तोच. खेळाचे सर म्हणाले, "नळ बसला, आता काही नाही." इंग्रजीच्या बाई, "सगळं व्यवस्थित." नकाशे सरांनी खुर्चीत बसण्याआधीच सांगितलं, "प्रोजेक्टर."

नवीन आलेली एक मुलगी आहे, तिसरीच्या वर्गावर, पहिलंच वर्ष. तिने खूप वेळ बाटल्यांकडे पाहिलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. मी पेन खाली ठेवलं. वही बंद केली. म्हटलं, "मी लिहीत नाही. बोला, इथल्या इथे बघू."

ती म्हणाली, "नको मॅडम. मला स्टाफरूममध्ये सांगितलंय."

२४ एप्रिल

तक्ता तयार. कुठलीही चौकट मिसळावी लागली नाही. गरज कुणालाच नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, अध्यक्ष खूश होतील.

११ मे

वहिनीला नोकरी लागली. मोठी शाळा, पाचवीचं गणित, आणि पहिल्याच दिवसापासून कायम. आईने देवापुढे दिवा लावला, दादाने शेजारी जाऊन सांगून टाकलं.

रात्री दादाने विचारलं, "मुलाखतीत काय विचारलं?"

"विषयातला कुठला भाग अवघड जातो, ते विचारलं."

"मग?"

"कुठलाच नाही म्हटलं."

मी ताटातून वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. बऱ्याच महिन्यांनी.

"बाई चांगल्या होत्या गं," ती म्हणाली. "वही बाजूला ठेवून विचारत होत्या. म्हणाल्या, असेल तर सांगा, आम्ही आत्ताच बसून बघू. मी खरं सांगितलं असतं, तर त्यांनी तिथेच शिकवलं असतं बहुतेक."